तोंडी सगळं येतं, पेपरात काहीच नाही: अशा मुलांसाठी शाळेत काय करायचं

वर्गात एखादं पोरगं असं असतं की तोंडी विचारलं तर ग्रहण कसं लागतं ते सांगेल, शून्याने भागाकार का होत नाही यावर वाद घालेल, आणि वही उघडली की तीन ओळी, त्याही खाडाखोडीच्या. मग शेरा ठरलेला, "हुशार आहे पण आळशी आहे". प्लीज, हा शेरा लिहू नका. एकाच मुलात जबरदस्त बुद्धी आणि डिस्लेक्सिया (वाचन-स्पेलिंग जड जाणं), डिस्ग्राफिया (हाताने लिहिणं जड जाणं), एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्थिर राहणं अवघड जाणं), ऑटिझम (स्वमग्नता) किंवा कमी ऐकू येणं असं दोन्ही असू शकतं, याला ट्वाइस एक्सेप्शनल म्हणतात, शॉर्टमध्ये टू-ई.

ही मुलं सापडत नाहीत कारण दोन्ही गोष्टी एकमेकींना झाकतात. डोकं चांगलं म्हणून मूल अंदाजाने, पाठांतराने वाचनातली अडचण निभावून नेतं आणि त्या अडचणीमुळे त्याची हुशारी मार्कांत उतरत नाही, म्हणजे बाहेरून दिसतं काय तर एक साधं मध्यम मूल. मग वरच्या इयत्तेत मजकूर वाढला की ते एकदम कोसळतं आणि सगळे म्हणतात, अचानक काय झालं याला! अचानक काही झालेलं नसतं.

म्हणून पहिलं काम, बुद्धिमत्तेच्या टेस्टचा रिपोर्ट आला की फक्त एकूण आयक्यू बघून फाइल बंद करायची नाही. विस्क नावाची जी टेस्ट खूप ठिकाणी वापरतात तिच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पाच वेगवेगळे स्कोअर येतात: भाषेची समज, आकार-जागेची समज, तर्क, वर्किंग मेमरी (माहिती थोडा वेळ डोक्यात धरून तिच्यावर काम करणं) आणि प्रोसेसिंग स्पीड (सोपी कामं किती झटपट होतात). सरासरी 100 धरतात. समजा भाषा 135 आणि स्पीड 85 आला, तर एकूण आकडा मध्येच कुठेतरी पडतो आणि तो या मुलाबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. अशा वेळी सायकॉलॉजिस्टला जीएआय (जनरल अॅबिलिटी इंडेक्स) काढायला सांगा, त्यात मेमरी आणि स्पीड बाजूला ठेवून विचारशक्तीचा वेगळा स्कोअर मिळतो. ऐकण्याची किंवा दृष्टीची अडचण असेल तर टेस्टच त्या मुलाला झेपेल अशी निवडावी लागते, नाहीतर आपण बुद्धी नाही, कान किंवा डोळे तपासत बसतो.

आता वर्गात. प्रत्येक कामाआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा, मला नक्की काय तपासायचंय? विज्ञान तपासायचं असेल तर उत्तर तोंडी चालेल, रेकॉर्ड करून चालेल, टाइप करून चालेल आणि स्पेलिंगचे मार्क कापायची गरज नाही. वाचायला त्रास होणाऱ्याला धडा ऐकू द्या, पण धडा त्याच्या बुद्धीच्या लेव्हलचाच हवा, सोपं करून दिलेलं बाळबोध पुस्तक नको. गणितात आकडे सरकत असतील तर चौकटीची वही. एडीएचडी असेल तर नुसता जादा वेळ बऱ्याचदा पुरत नाही, कामाचे तुकडे करून पहिला तुकडा समोर ठेवावा लागतो. आणि लॅपटॉप हातात दिला म्हणजे झालं असं नसतं हां, टायपिंग शिकवावं लागतं, बोलून लिहिण्याचं सॉफ्टवेअर वापरायची सवय लावावी लागते, तीही परीक्षेच्या कितीतरी आधीपासून.

मला सगळ्यात उपयोगी वाटणारी युक्ती म्हणजे अवघड आधी. वीस गणितांतली सगळ्यात कठीण पाच आधी द्यायची, जमली तर बाकीची पंधरा माफ. ज्याचा हात दुखतो पण डोकं पळतं त्याला वीस वेळा तेच लिहायला लावणं म्हणजे त्याला गणिताचा राग यायला शिकवणं आहे. वाचलेल्या वेळात त्याला खरंच विचार करायला लावणारं काहीतरी द्या, आणखी वर्कशीट नको.

एक चूक मात्र फार जण करतात आणि मला ती बघवत नाही: "आधी शुद्धलेखन पूर्ण कर, मग रोबोटिक्सला जा". किंवा रेमेडियलचा, म्हणजे मागे पडलेल्या गोष्टी वेगळ्या शिकवण्याचा, तास नेमका त्याच्या आवडत्या सायन्स क्लबच्या वेळेला ठेवायचा. आवडीचं काम हे बक्षीस नाही, ते त्याचं शिक्षण आहे, ते काढून घ्यायचं नाही. रेमेडियल हवंच, डिस्लेक्सिया असलेल्याला अक्षर-आवाजाचं पद्धतशीर शिक्षण लागतंच, कितीही हुशार असला तरी, पण दोन्ही एकाच आठवड्यात, एकाच टाइमटेबलवर.

मुलाशीही स्पष्ट बोला. ते स्वतःला आतल्या आत ढ समजत असतं, कारण एवढं समजतं तरी लिहिता का येत नाही याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. "तुझे विचार वेगाने धावतात, हात मागे राहतो, त्याला नाव आहे आणि त्यावर उपाय आहेत" एवढं सांगितलं तरी चेहरा बदलतो.

शेवटी एक पान तयार करा: याला काय आवडतं, काय जड जातं, काय केलं की जमतं, काय केलं की बिघडतं. मुलाला सोबत बसवून, त्याच्या शब्दांत. वर्ष संपताना ते पान पुढच्या टीचरच्या हातात प्रत्यक्ष द्या, फाइलमध्ये लावून विसरू नका, नाहीतर शाळा जूनमध्ये सुरू होवो की सप्टेंबरमध्ये, नव्या वर्गात परत "आळशी" पासूनच सुरुवात होते.