फ्लॅटमधल्या फिश टँकची पीव्हीसी लाइन कशी जोडायची, म्हणजे लाइट गेली तरी पाणी संपातच राहील

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची लाइट गेली होती, आठवत असेल बऱ्याच जणांना. मी भांडुपला तिसऱ्या मजल्यावर राहतो, चार फुटी टँक, खाली स्टँडमध्ये संप (दुसरी टाकी, टँकचं पाणी ड्रेनच्या पाइपाने तिच्यात उतरतं आणि पंप ते रिटर्नच्या पाइपाने परत वर चढवतो), आणि लॉकडाऊनमध्ये घरीच होतो म्हणून सगळी लाइन स्वतः जोडली होती. पंप बंद पडला, म्हटलं येईल लाइट थोड्या वेळात. थोड्या वेळाने पायाला गार लागलं म्हणून बघतो तर संप भरून पाणी हॉलभर, आणि संध्याकाळपर्यंत खालच्या काकूंच्या बेडरूमच्या सीलिंगला ओल आली. जॉइंट एकही लीक नव्हता. रिटर्नच्या पाइपचं तोंड टँकमध्ये पाण्याखाली चार इंच खोल ठेवलं होतं, त्यामुळे पंप थांबल्यावर तेच पाणी उलटं सायफन होऊन, म्हणजे पाइपातून आपोआप ओढलं जाऊन, खाली आलं. काकूंच्या घराचा रंग मी करून दिला, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं टेन्शन अजून विसरलो नाही.

म्हणून पाइप आणायच्या आधी कागद घ्या आणि लाइट गेल्यावर किती पाणी खाली येईल ते काढा. टँक आतून १२० सेंमी लांब आणि ४५ सेंमी रुंद असेल आणि पातळी ५ सेंमी उतरली तर १२० × ४५ × ५ म्हणजे २७,००० घन सेंमी, सरळ २७ लिटर. माझ्याकडे चार इंच म्हणजे १० सेंमी उतरली होती, तेच ५४ लिटर झाले. यात ओव्हरफ्लो बॉक्समधलं (टँकचा कप्पा, ज्यातून पाणी ड्रेनमध्ये उतरतं) आणि पाइपातलं पाणी वेगळं धरा. चालू पंपाच्या वेळी संपात एवढी जागा रिकामी हवी आणि वर अजून १० लिटर तरी सुटे ठेवा. रिटर्नचं तोंड पाण्याखाली जेमतेम एक इंच ठेवायचं, आणि त्याच पाइपाला पाण्याच्या पातळीच्या अगदी खाली ५-६ एमएमचं भोक पाडायचं, पातळी उतरली की तिथून हवा शिरते आणि सायफन तुटतो. हे भोक शेवाळाने बुजतं, त्यामुळे काच पुसताना दर वेळी टूथपिक फिरवा. काही लोक चेक व्हॉल्व्हच्या (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) भरवशावर राहतात पण त्यात एक गोगलगाय किंवा झाडाचं पान अडकलं की तो बंद होत नाही, त्याच्यावर एकट्यावर मी तरी विसंबणार नाही.

आता सामान. मासे आणि टँक क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याला बघा, फिटिंगसाठी नागदेवी स्ट्रीट किंवा जवळचं प्लंबिंगचं दुकान. दुकानात नुसतं "एक इंची पाइप द्या" म्हणू नका, कारण एक इंची म्हणून तीन वेगळे पाइप मिळतात. क्रीम रंगाचा सीपीव्हीसी बाहेरून २८.६ एमएम असतो, शेतीच्या लाइनचा ३२ एमएम आणि बिल्डिंगच्या प्लंबिंगचा पांढरा यूपीव्हीसी ३३.४ एमएम. ३२ चा पाइप ३३.४ च्या एल्बोत आरामात बसतो, म्हणून वाटतं जमलं, पण आत फट राहते आणि सोल्युशन (पाइप चिकटवायचं) ती फट भरत नाही, दोनचार महिन्यांत ठिबकायला लागतं. एकाच सिस्टिमचे पाइप आणि फिटिंग घ्या, आणि प्रत्येक फिटिंग दुकानातच पाइपवर चढवून बघा. कोरडं ढकललं तर सॉकेटच्या साधारण अर्ध्यापर्यंत जाऊन अडकलं पाहिजे, ते बरोबर. सोल्युशनही पाइपला जे लागतं तेच, सीपीव्हीसीचं वेगळं येतं. अजून एक, दुकानदार मजबूत म्हणून पितळेच्या आट्यांचं फिटिंग देतो, ते घेऊ नका, पितळेत तांबं असतं आणि कोळंबीला, तसंच खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या कोरलला तांबं बिलकुल चालत नाही. पूर्ण प्लास्टिकचंच मागा.

काचेला भोक पाडायचं असेल तर आधी टँक निपल (काचेच्या भोकात बसणारं आट्यांचं फिटिंग, त्याला पाइप जोडतात) विकत आणा, त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा आणि मग काचवाल्याला द्या. टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेला भोक पाडता येत नाही, तिचा चुरा होतो, म्हणून टँक घेताना कुठली काच टफन्ड आहे ते विचारून घ्या. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर सोडा. निपलचा रबर वॉशर कॉलरच्या बाजूला, म्हणजे टँकच्या आत पाण्याकडे येतो आणि नट बाहेरून. हाताने घट्ट करून वर पाव फेरा, बस. पान्याने आवळलं की वॉशर दबून बाहेर सरकतो, मग कितीही आवळा, गळतच राहणार.

ड्रेनला दोन पाइप ठेवाच. एक मेन, त्याला खाली व्हॉल्व्ह, आणि दुसरा इमर्जन्सीचा, तोंडाने थोडा उंच, त्याला व्हॉल्व्ह अजिबात नाही. मेनचा व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत आणला की पाइप पूर्ण भरून वाहतो आणि तो खळखळ आवाज बंद होतो, आणि ज्या खोलीत टँक त्याच खोलीत झोपायचं असेल तर हा आवाज किती त्रास देतो ते मी वेगळं सांगायला नको. मेनमध्ये पान अडकलं तर पाणी चढून इमर्जन्सीने उतरतं. माझ्याकडे ड्रेन एक इंची आणि रिटर्न पाऊण इंची आहे, ड्रेन कधीही रिटर्नपेक्षा बारीक ठेवू नका. पंपाच्या बॉक्सवरचा लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो, संपापासून टँकपर्यंत चार फूट चढवलं आणि वर प्रत्येक एल्बोची अडचण आली की हातात बरंच कमी पडतं, त्यामुळे वळणं जितकी कमी तितकं बरं.

जोडायच्या आधी सगळं कोरडं लावून बघा, प्रत्येक जॉइंटवर मार्करने पाइप आणि फिटिंग दोन्हींवर एक सरळ रेघ मारा, नाहीतर सोल्युशन लावल्यावर एल्बो कुठल्या दिशेला होता ते आठवत नाही आणि वेळ तर अजिबात मिळत नाही. हॅक्सॉने काटकोनात कापा, कापल्यावर आतबाहेर राहिलेली खरखरीत कड पॉलिश पेपरने काढा, कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात आपल्याकडे पाइपला नुसता हात लावला तरी ओलसर लागतो, तेव्हा पंख्याखाली अर्धा तास ठेवून मगच लावा. सोल्युशन पाइपवर आणि सॉकेटच्या आत दोन्हीकडे, आत पातळ थर, रेघेपासून पाव फेरा बाजूला धरून आत ढकलायचं, फिरवत रेघ जुळवायची आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं. लगेच सोडलं की पाइप परत बाहेर येतो, खरंच येतो, डोळ्यासमोर दोन-तीन एमएम सरकतो. जॉइंटभोवती सोल्युशनची एकसारखी कड दिसली म्हणजे सगळीकडे लागलंय. खिडक्या उघड्या आणि किचनमध्ये गॅस बंद, हे सोल्युशन पेट घेतं. २४ तास पाणी नाही, पावसाळ्यात ४८.

आट्यांच्या जॉइंटला टेफ्लॉन टेप, ती फक्त बाहेरच्या आट्यांवर, आवळायच्या दिशेनेच, चार-पाच वेढे. टँक निपलच्या नटाला नको. पंपापाशी आणि व्हॉल्व्हपाशी युनियन (फिरवून उघडता येणारा जोड) टाका, नाहीतर पंप धुवायला काढताना पाइप कापावा लागेल.

आधार देणं बहुतेक जण विसरतात. पाण्याने भरलेल्या पाइपाचं वजन काचेवरच्या निपलवर येता कामा नये, म्हणून निपलच्या खाली अर्ध्या फुटात पहिला क्लॅम्प आणि मग दर दोन फुटांवर एक, सगळे स्टँडच्या मागच्या फळीला, क्लॅम्पच्या आत सायकलच्या ट्यूबची पट्टी. पंपावर वीतभर लवचिक होज घातला की त्याची थरथर पाइपात जात नाही. वायर प्लगकडे जाताना एकदा प्लगच्या खाली झोल खाऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून आलेला थेंब तिथेच पडेल. बोर्डाला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट लीक झाला की लाइट तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवून आधी तो बसवून घ्या.

मग टेस्ट, माशांशिवाय. नळाला पाणी असेल तेव्हा टँक भरा, प्रत्येक जॉइंटखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा, एक थेंब पडला तरी कागदावर डाग दिसतो. पंप चालू करून संपाच्या पातळीवर पट्टी चिकटवा. आता प्लग काढा आणि पाणी थांबेपर्यंत उभे राहून बघा, कुठपर्यंत चढलं तिथे दुसरी पट्टी. परत चालू, परत बंद, असं पाच-सहा वेळा. मग मेन ड्रेन बंद करून सगळं पाणी इमर्जन्सीने उतरतंय का ते बघा, आणि शेवटी दोन्ही ड्रेनची तोंडं बुजवून पंपाच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर टँकमध्ये मावतंय का तेही. कुठे गळलं तर वरून पुटी किंवा सिलिकॉन थापू नका, पीव्हीसीला ते धरत नाही, तो तुकडा कापून नवीन कपलर टाका.

एक पूर्ण दिवस कोरडा कागद मिळाला की ते पाणी काढून लादी पुसायला वापरा, सोल्युशनचा वास त्याबरोबर जातो. नवीन पाणी भरून क्लोरीन काढायचं औषध टाका. माझ्या संपावरची दुसरी पट्टी अजून तशीच चिकटलेली आहे आणि चालू पंपाला पाणी तिच्या जवळ दिसलं की मी दोन मग काढून टाकतो.