"मी कोण" हे कागदावर कसं उतरवायचं

एक कोरा कागद घ्या आणि "मी" ने सुरू होणारी २० वाक्यं पटापट लिहून काढा, फार विचार नको, कुन आणि मॅकपार्टलंड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये ही टेस्ट मांडली होती. सुरुवातीला मुलगी, ताई, इंजिनिअर असं काहीतरी येतं, म्हणजे नाती आणि कामं, पण ती संपली की स्वभाव, भीती, आवडीनिवडी बाहेर यायला लागतात, तिथे अडलात तरी प्लीज सोडू नका. मग प्रत्येक वाक्यापुढे लिहा, हे मी निवडलंय, जन्माने मिळालंय की लोकांनी चिकटवलंय. चिकटवलेल्यांना जास्त वेळ द्या, "मी आळशी आहे" हे पहिल्यांदा कोण म्हणालं होतं ते आठवून बघा. कागद जपून ठेवा, काही महिन्यांनी परत लिहा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा.