एनडीव्हीआय काढताय? या चुका टाळा

एनडीव्हीआय म्हणजे पिकाच्या हिरवेपणाचा आकडा: नियर इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) वजा लाल, भागिले दोघांची बेरीज. त्याचा आलेख खाली गेला की लोक थेट शेतावर खापर फोडतात. आधी कच्चे आकडे उघडा की!

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या आकड्यांतून हजार वजा न करणं. २५ जानेवारी २०२२ पासून नव्या प्रक्रियेत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले येतात. एका विद्यार्थ्याने कोल्हापूरकडच्या उसाचा आलेख आणला, २०२२ पासून धाडकन घसरलेला. कारणंही तयार होती: पाऊस, हुमणी, खतांचे भाव. त्याला एकच पिक्सेल उघडायला लावला. लाल पट्ट्यात १४००, नियर इन्फ्रारेडमध्ये ५०००. तसंच भरलं तर एनडीव्हीआय ०.५६. हजार वजा केले की ४०० आणि ४०००, म्हणजे ०.८२. ऊस ठणठणीत होता. "पण मॅडम, हे गुणोत्तर आहे, दोन्हीकडे सारखंच वाढलंय ना?" अंशात वजाबाकी असते, तिथे हजार उडतात, छेदात बेरीज, तिथे दोन हजार शिल्लक राहतात. पेन घेऊन दोन ओळी लिहिल्या असत्या तर महिनाभराचं काम वाचलं असतं. मी अर्थ इंजिनमध्ये (गूगलची उपग्रह-चित्रांची सेवा) नावात 'हार्मोनाइज्ड' असलेलाच संच घेते, त्यात हे हजार आधीच काढलेले असतात. फाइल उतरवली तर आधी मेटाडेटा, म्हणजे सोबतची माहिती, बघते, कारण जुनी दृश्यंही पुन्हा प्रक्रिया होऊन आली की त्यांतही हजार असतात. नुसत्या तारखेवर विसंबू नका.

दुसरी डोकेदुखी ड्रोनवाल्यांची. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी असला की सावल्या पानांआड दडतात आणि पीक उजळ दिसतं. सूर्यासमोरून पाहिलं की त्याच सावल्या अंगावर येतात. द्राक्षबागेत तर सकाळी ओळींची सावली मधल्या पट्ट्यात पसरते. मंगळवारी सकाळी आणि शुक्रवारी दुपारी उडवून "बाग सुधारली" म्हणणारे भेटतात. मी ऊन डोक्यावर असतानाच उडवते, आणि उजेड मोजून आकडे जुळवण्यासाठीच्या पॅनेलचा फोटो काढताना स्वतःची सावली त्यावर पडू देत नाही. घाई असेल तर त्या दिवशी उडवूच नका.

बाकीचं थोडक्यात. १० मीटरचा पिक्सेल म्हणजे साधारण एक गुंठा. बांधावरचे पिक्सेल सरळ काढून टाका. दाट उसात एनडीव्हीआय वर जायचा थांबतो, तिथे रेड एजचे, म्हणजे लाल आणि नियर इन्फ्रारेडच्या मधले, पट्टे वापरा. लागवड नवी असेल तर पिकापेक्षा मातीच जास्त बोलते, आणि काळी माती पाणी दिल्यावर आणखी काळी होते. श्रावणातल्या विरळ ढगांना मास्क (ढगाळ पिक्सेल वगळणारी चाळणी) हमखास पकडेलच असं नाही. दृश्य डोळ्यांनी बघा.