वर्डमधील चित्रांची सुस्पष्टता कशी राखावी
दस्तऐवज जतन करताना वर्ड त्यातील चित्रे आपणहून लहान करू शकते आणि अनेक आवृत्त्यांत ही मर्यादा मुळातच २२० पीपीआय, म्हणजे दर इंचाला २२० पिक्सेल, ठेवलेली असते. त्यामुळे ३,००० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र पानावर ६ इंच रुंद ठेवल्यास त्याचे सुमारे १,३२० पिक्सेलच उरतात, आणि पुढे ते मोठे केले तर धूसर दिसते. गेलेला तपशील त्या फाइलमधून परत मिळवता येत नाही. म्हणून चित्रे घालण्यापूर्वीच ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’ या क्रमाने जाऊन ‘इमेज साइझ अँड क्वालिटी’ या विभागातील ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’ या पर्यायावर खूण करावी. ही निवड त्याच विभागात वर निवडलेल्या दस्तऐवजापुरती लागू होते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

काम पूर्ण झाल्यावर ईमेलसाठी हलकी फाइल हवी असेल, तर मूळ फाइल तशीच ठेवून तिच्या प्रतीवर ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ वापरावे. तेथील ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स’ हा पर्याय मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण कापलेला भाग केवळ झाकलेला असतो आणि फाइल मिळालेली व्यक्ती तो पुन्हा उघड करू शकते. बारीक अक्षरे असलेले स्क्रीनशॉट मात्र जेपीईजीऐवजी पीएनजी स्वरूपातच घालावेत.