हॉटेलातल्या धुराविरुद्ध कोर्टात टिकेल अशी तक्रार कशी करावी

सिगारेट ओढणाऱ्याला जास्तीत जास्त 200 रुपये दंड होतो, आणि पुढच्या शनिवारी तो पुन्हा त्याच टेबलावर दिसतो. म्हणून घोडबंदर रोडवरचे रेस्टॉरंट असो की ऐरोलीतले ऑफिस, रोख जागेच्या मालकावर ठेवा. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीच्या 2008 च्या नियमांनुसार तक्रार मिळूनही मालक किंवा मॅनेजर हलला नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावर बसतो. मात्र तक्रार मिळाली होती हे दाखवता आले पाहिजे. काउंटरवर तोंडी सांगितलेले कोर्टात कोणी धरत नाही.

आधी फलक बघा. 60 बाय 30 सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फलक प्रत्येक प्रवेशद्वारावर, मजल्यावर, जिन्यात आणि लिफ्टपाशी हवा. तक्रार कोणाकडे करायची त्याचे नावही त्यावर हवे. फलक लावतात, नावाची ओळ कोरी सोडतात. ती ओळ वाचता येईल इतक्या जवळून फोटो घ्या. टेबलावर ॲशट्रे असेल तर तोही टिपा. तो ठेवणेच नियमबाह्य आहे.

‘हा स्मोकिंग झोन आहे’ हे ठरलेले उत्तर. तो 30 खोल्यांचे हॉटेल, 30 किंवा त्याहून अधिक आसनांचे रेस्टॉरंट आणि विमानतळ इथेच करता येतो: चारही बाजूंना पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप मिटणारे दार, धूर थेट बाहेर टाकणारी यंत्रणा. प्लास्टिकचा पडदा सोडलेला कोपरा यात बसत नाही.

मग तारीख, वेळ, टेबल आणि ओढणारे किती हे लिहून दोन प्रती करा. एकीवर मॅनेजरचा सही-शिक्का घ्या. नकार दिला तर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा. आणखी एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन आवक शिक्का घ्या. आठवड्याभराने पुन्हा जाऊन तशीच नोंद करा. बरीच प्रकरणे इथे लंगडी पडतात: दुसरी नोंद नसेल तर ‘तक्रारीनंतरही काही केले नाही’ हे सिद्ध कशाने करणार?

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घालणाऱ्या, 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातील कलम 4 च्या भंगाला शिक्षा फक्त दंडाची, त्यामुळे कोर्टाने दखल घेण्याची मुदत 6 महिनेच. पोलिसांनी काही केले नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 223 खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करता येते. शपथेवर तुमचा जबाब होतो, साक्षीदार हजर असेल तर त्याचाही. व्हिडिओसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडा. व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या प्रतीवर भिस्त ठेवू नका. मूळ फाइल फोनमध्येच असू द्या.

सोसायटीतला शेजारी स्वतःच्या घरात ओढत असेल तर मात्र कलम 4 लागत नाही. तिथे उपद्रवाचा दिवाणी दावा करता येतो, आणि त्यासाठी वकील गाठा.