‘हा रोग त्यांच्या खाण्यामुळेच’: असा जुना दावा कसा तपासावा

एखाद्या समाजाचा धार्मिक आहारनियम आणि एखादा रोग यांची सांगड घालणारा दावा वाचनात आला, तर तो नेमका केव्हा केला गेला आणि त्या वेळी त्या रोगाविषयी काय ठाऊक होते, हे प्रथम पाहावे. डुकराच्या मांसावरील ज्यू निषेधामागे ट्रायकिनेला या कृमीची भीती होती, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु हा कृमी मानवी स्नायूंत प्रथम दिसला तो १८३५ मध्ये लंडनला, आणि त्याने माणूस दगावू शकतो हे उघड झाले १८६० मध्ये. बाराव्या शतकातील वैद्य मायमोनिडीस यांनी आरोग्याचे कारण दिले होते खरे, पण त्यांचा मुख्य रोख त्या प्राण्याच्या घाणेरड्या सवयींवर होता. शिवाय निषिद्ध प्राण्यांच्या त्याच यादीत उंट आणि ससाही आहेत, म्हणून मूळ नियम पूर्ण वाचावा.

यानंतरची कसोटी अपवादांची, आणि माझ्या मते तीच सर्वांत कठोर आहे. लंडनचे नामवंत शल्यवैद्य जोनाथन हचिन्सन यांनी कुष्ठरोगाचे मूळ नीट न खारवलेल्या, नासक्या मासळीत शोधले आणि कॅथलिकांच्या उपवासांमुळे, ज्यांत मांस वर्ज्य असले तरी मासे चालत, हा रोग फैलावतो असे मानले. वैद्य हान्सेन यांनी नॉर्वेत १८७३ मध्येच कुष्ठरोगाचा जंतू शोधला होता; हचिन्सन यांनी तो नाकारला नाही, मासळीतून तो पोटात जातो एवढेच म्हटले. मग मासे न खाणाऱ्यांना हा रोग कसा होतो, या प्रश्नावर त्यांनी रुग्णाच्या हातून आलेल्या अन्नाचे कारण पुढे केले. प्रत्येक अपवाद असा पोटात घेणारा सिद्धान्त कोणत्याच पुराव्याने खोटा ठरू शकत नाही, आणि असे दिसताच वाचकाने सावध व्हावे.

मात्र असे सगळेच दावे पूर्वग्रह म्हणून झटकू नयेत. पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांत पसरलेला कुरू हा मेंदूचा जीवघेणा रोग आधी आनुवंशिक वाटला होता. पण तो मुख्यतः स्त्रियांना आणि मुलांना होत होता, आणि मृत आप्तांचा मेंदू अंत्यविधीत स्त्रिया आणि मुलेच अधिक खात असत. ही प्रथा थांबल्यानंतर जन्मलेल्या मुलांत कुरू आढळला नाही.