चरबी आणि तेलाचे घरगुती मिश्रण : या चुका टाळा

बोकडाची चरबी कढवून तीत तेल मिसळले की फोडणीसाठी आणि तळणासाठी घट्टसर मिश्रण घरीच तयार होते. मात्र ते थोड्याच दिवसांत खवट झाले, तर दोष बहुधा चरबीचा नसून तीत राहिलेल्या पाण्याचा आणि मांसाच्या कणांचा असतो.

चरबी निवडताना गुर्द्याभोवतीची पांढरी, कोरडी चरबी मागून घ्यावी. तिला चिकटलेले मांस व रक्त काढून टाकून तिचे बारीक तुकडे करावेत, कारण मोठे तुकडे बाहेरून करपतात आणि आतून कच्चे राहतात.

सर्वांत मोठी चूक आच वाढवण्याची आहे. पातेल्यात थोडे पाणी घालून मंद आचेवर ठेवल्यास तुकडे तळाला न लागता चरबी सुटू लागते; नंतर हे पाणी पूर्ण आटेपर्यंत थांबणे अत्यावश्यक आहे. लोणी कढवताना जसा तडतडाट शांत होतो, तसाच तो येथेही शांत झाला आणि तुकडे सोनेरी झाले की पातेले उतरवावे. तुकडे काळे पडू दिल्यास करपट वास येतो आणि तो कोणत्याही गाळणीने जात नाही. गरम चरबी कोरड्या सुती कापडातून गाळावी. थिजल्यावर खाली पाणी साचलेले दिसले, तर वरचा गोळा काढून, खालची बाजू खरवडून, तो पुन्हा मंद आचेवर कढवावा. कल्हई गेलेले तांब्या-पितळेचे भांडे मात्र वापरू नये, कारण तांब्यामुळे खवटपणा लवकर येतो.

तेलाच्या निवडीकडे आपल्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मराठवाड्यात करडईचे तेल घरोघरी परिचयाचे असले, तरी नेहमीच्या करडई तेलात लिनोलिक आम्ल या हवेने सहज बिघडणाऱ्या मेदाम्लाचे प्रमाण फार असल्याने ते हवेच्या संपर्कात लवकर बिघडते. त्यामुळे टिकाऊपणा हवा असेल तर माझ्या मते शेंगदाणा तेल अधिक योग्य ठरते. तेल कोणतेही असो, ते ताजेच असावे. तळणातून उरलेले तेल मिसळल्यास सगळे मिश्रण वाया जाते. दोन भाग चरबीला एक भाग तेल हे प्रमाण सुरुवातीला ठीक आहे.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा हे मिश्रण बाहेर घट्ट राहत नाही. तो बिघाड नव्हे, आणि त्यासाठी ते पुन्हा कढवू नये. झाकणाच्या कोरड्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवावे. मिश्रण रवाळ झाले असेल तर ते फार सावकाश थिजले असे समजावे. कोमट करून, भांडे थंड पाण्यात ठेवून, घट्ट होईपर्यंत ढवळल्यास ते मऊ होते.

खवट वास आलेले मिश्रण कांदा-लसूण घालून वापरात आणू नये, ते टाकूनच द्यावे. कढवताना चरबीने पेट घेतल्यास तीवर पाणी मुळीच ओतू नये. गॅस बंद करून पातेल्यावर घट्ट बसणारे झाकण ठेवावे आणि ते पूर्ण निवेपर्यंत उघडू नये.